आधी आकडा, मग बोलणं

अप्पा, तुम्ही खाटेला खिळल्यापासून मी मशीन बॉनेटवर ठेवूनच मोजत आलो, काल पहिल्यांदा तुमच्या जागेवर बसलो. गाडीतली मागची सीट, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर मशीन आणि सगळ्या काचा वर. काम परभणीतलंच होतं, वसमत रोडच्या अलीकडची जमिनीतली केबल, अर्ध्या वस्तीची लाईट गेलेली. काचा लावून बसलो खरा, पण लगेच लक्षात आलं की आता त्या लावण्यात काही अर्थ उरलेला नाही. गाडीतून पाय खाली टाकल्याबरोबर लाइनमनने बिघाड कुठे असणार ते सगळं मला सांगून टाकलं होतं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने त्यात आपली भर घातली होती. मी सवयीप्रमाणे मान हलवत दोघांचंही ऐकून घेतलं होतं, कारण इतकी वर्षं माझं कामच ते होतं. मग मशीनच्या पडद्यावर पाहिलं, तर चहावाल्याने बोट दाखवलं होतं नेमका तिथंच रेघेला उंचवटा. डोळे पुसून पाहिलं, तरी तिथंच. तो केबलमधला होता की चहावाल्याचा, हे काही केल्या कळेना.

शेवटी दुसऱ्या टोकाकडून मोजलं, दोन्ही आकड्यांचा मेळ घातला आणि कसंबसं काम उरकलं. चहावाल्याचं बरोबर निघालं. त्याने चहा पाजला, पैसे घेतले नाहीत, आणि मला त्याचा राग आला.

मी दमलोय अप्पा. कामाने नाही, काम पूर्वीइतकंच आहे. तुम्हाला माती देऊन आल्यापासून लोक भेटायला येतात, चांगला माणूस होता म्हणतात आणि मी हो म्हणतो. फोन वाजतो. "अप्पाची मशीन हाय का?" असं अजूनही विचारतात. तिला टीडीआर म्हणतात हे अख्ख्या जिल्ह्यात तुम्हाला आणि मलाच ठाऊक, आणि जिल्ह्याबाहेर ती दुरुस्त करणाऱ्या पुण्याच्या माणसाला. मी "हाय" म्हणतो. अप्पा नाहीत हे सांगायचं की नाही, हे समोरच्याच्या आवाजावरून ठरवतो. कधीकधी सांगायचा कंटाळा येतो, तसाच निघतो.

हे लिहायला बसलोय ते तुमचे गुण गाण्यासाठी नाही. तुमचे गुण मला माहीत आहेत आणि अवगुण त्याहून जास्त. मला एकच गोष्ट छळते आहे. डॉक्टरांपुढे त्या दिवशी मी बोललो, म्हणून तुम्ही माझ्यावर शेवटपर्यंत रागावलेले होता का? तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायचं म्हणून रोज यायचो, तुमच्या खाटेशेजारच्या खुर्चीवर बसायचो आणि इकडतिकडचं बोलून परत जायचो.

मशीन काय करते हे मी लोकांना आयुष्यभर एकाच पद्धतीने सांगत आलो आणि तुम्ही आयुष्यभर त्यावर नाक मुरडत आलात. मी म्हणायचो, विहिरीत हाक मारली की ती तळाला लागून परत येते ना, तसं. केबलच्या एका टोकातून विजेचा बारीकसा ठोका आत सोडायचा. पुढे कुठे तार तुटली असेल, जळाली असेल, पाणी शिरलं असेल, तिथून तो मागे फिरतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन अंतर काढते, आणि तेवढं अंतर चालत जाऊन आपण उकरायचं. लोकांना समजायचं. तुम्ही मात्र आतून काचेवर टकटक करायचात, काच दोन बोटं खाली घ्यायचात आणि म्हणायचात, "दत्ता, विहिरीला तळ एकच असतो. हितं दर गाठीला तळ हाय."

ते खरंच होतं. पडद्यावरची रेघ कधी सरळ नसते. केबलला जिथे जिथे जोड दिलेला असतो, जिथे ती दाबली गेलेली असते, जिथे आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून तिला ओढते, तिथे तिथे रेघ थोडी वर-खाली होते. त्या सगळ्या उंचवट्यांतला एकच आपल्या कामाचा असतो. बाकीचे निरुपद्रवी. आणि कामाचा जो असतो तो काही आपण होऊन हात वर करत नाही.

तुमचा तो नियम तिथूनच आला. मी तेव्हा नवा होतो आणि तुम्हीही फार जुने नव्हता. बाजाराकडची केबल गेली होती. तिथला लाइनमन गाडीच्या दारातच म्हणाला, "अप्पा, नळवाल्यांनी पिंपळाजवळ उकरलंय आत्ताच. तितंच असणार, लिहून देतो." तुम्ही मशीन लावली, पडद्यावर पाहिलं आणि म्हणालात, हो, पिंपळाजवळच आहे. आपण दुपारभर उकरलं. जोड सापडला, चांगला धडधाकट. तुमचा विश्वास बसेना म्हणून तुम्ही तोही फोडला. खरा बिघाड निघाला कुठच्या कुठे, पार पुढच्या वळणावर, जिथलं नाव कुणीच घेतलं नव्हतं. एक चांगला जोड हकनाक फोडून आपण तो परत करत बसलो. खड्ड्याच्या काठावर बसून हात पुसताना तुम्ही म्हणालात, "मला दिसलं न्हाई रे. मला सांगितलेलं दिसलं."

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. "आजपासून मला आधी कुणी सांगायचं न्हाई."

"अन् लोक सांगतेल त्याचं काय करायचं?"

"ते तू ऐक. पोटात ठेव. मी आकडा दिल्यावर बोल."

असं आपलं ठरलं. तुम्ही आत काचा लावून बसायचं, मी बाहेर चाकाची मोजपट्टी घेऊन उभं राहायचं आणि सगळ्या गल्लीचं ऐकून घ्यायचं. कुणाकडे भिंतीचा पाया खणला, कुणाच्या दारात ट्रक रुतला, कुठे रात्री जाळ दिसला. सगळं ऐकायचं आणि तोंडाला कुलूप. मग तुमची काच खाली यायची, तुम्ही आकडा सांगायचात आणि म्हणायचात, "बोल आता." आकडा आणि गल्लीचं बोलणं जुळलं की उकरायला सुरुवात. नाही जुळलं की गाडी फिरवायची, दुसऱ्या टोकाला जायचं आणि पुन्हा मोजायचं. इतर लोक हे एकट्याने करतात, अर्ध्या वेळात करतात, आणि त्यांचंही भागतं. आपलं मात्र दोघांशिवाय चालायचं नाही.

मला हे कधीच पूर्ण पटलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं. माणूस आपल्या दारातलं दुखणं सांगायला आलाय आणि तुम्ही त्याच्या तोंडावर काच लावता. तो दुखावतो. त्याची समजूत घालायला मी. सेलूच्या जिनिंगवरची ती दुपार आठवा. कापसाचा हंगाम, फाटकाबाहेर गाड्यांची रांग आणि आत सगळं ठप्प. शेठजी गाडीभोवती येरझाऱ्या घालत होते. एकदा या काचेवर, एकदा त्या काचेवर. "अप्पा, ऐका तं खरं. मी सोता बगितलंय. फाटकापाशी ट्रक रुतला होता, तितंच चेपलीय केबल." तुम्ही टॉवेल डोक्यावरून घेतला. ते आणखी जोरात सांगायला लागले, तेव्हा काच दोन बोटं खाली आली. "शेठ, चहा सांगा. फॉल्ट नका सांगू."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. "हे काय सोवळ्यात बसलेत का?" म्हणाले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि ट्रकची गोष्ट पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकली. तुमचा आकडा पडला गोदामाच्या मागे, जिथे ट्रक जन्मात गेला नव्हता. उकरलं तर बिघाड तिथेच निघाला. शेठजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तुम्ही मात्र चहा प्यायलात, बशीत ओतून, फुंकर घालत. तुमच्या त्या फुंकरीत किती माज होता हे फक्त मलाच कळत होतं.

चारठाण्याला मात्र तुम्ही तोंडावर आपटलात, आणि ते मी इथे लिहिणार आहे. गावाच्या पाण्याच्या पंपाची केबल होती. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. एक म्हातारी आली आणि तिने माझं मनगट धरलं. "माझी म्हैस तितं पाय ठेवीना गेली बाबा. गोठ्याच्या कोपऱ्याला. भुई वली झाली की लय हंबरती." मी मान हलवली. ती म्हणाली, "आरं मग सांग की त्या गाडीतल्या माणसाला. काहून उभा ऱ्हायलास?"

"आजी, आत्ता न्हाई सांगता येत."

"मुका हाईस का?"

ओल्या जमिनीत वीज झिरपत असली की जनावराला ती आधी कळते, हे मला कळत होतं. तरी गप्प राहिलो. तुमची काच खाली आली आणि आकडा पडला देवळाच्या बाजूला, गोठ्यापासून पार अलीकडे. "बोल आता," म्हणालात. मी म्हैस सांगितली. तुम्ही भुवई उडवलीत आणि म्हणालात, आधी इथं बघू. उकरलं. कोरडी माती, धड केबल, काही नाही. म्हातारी काठावर बसून बघत होती. मग तुम्ही गाडीत परत गेलात आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत. आलात ते कपाळाला हात लावून. प्रत्येक जातीच्या केबलमधून तो ठोका वेगवेगळ्या चालीने धावतो आणि ती चाल आपण मशीनला आधी सांगावी लागते. तुम्ही आदल्या दिवशीच्या केबलची चाल तशीच ठेवली होती. ती बदलली आणि आकडा सरकला तो थेट गोठ्याच्या कोपऱ्यावर. तुम्ही म्हातारीसमोर जाऊन हात जोडलेत. "आज्जे, तुझ्या म्हशीचं खरं निघालं." ती म्हणाली, "म्या तं केव्हाची सांगायलेय."

येताना जिंतूर येईपर्यंत मी तुम्हाला सोडलं नाही. म्हटलं, बघा, मी आधी बोललो असतो तर एक खड्डा वाचला असता, त्या बायका एवढा वेळ ताटकळल्या नसत्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तू आधी बोलला असतास तं मला चुकीच्या चालीवरबी म्हैस दिसली असती. चाल चुकली हे मला कळलंच नसतं. उद्या सेलूला गेलो असतो अन् तितं तीच चाल. तितं म्हैस कुठून आणणार होतास?" मी फक्त एवढंच म्हणालो की माणसं तहानलेली होती. हा वाद तिथेच राहिला, आणि आता तो माझ्या एकट्याच्या गळ्यात आहे.

मग तुमची भाकरी निम्म्यावर आली. मी ते बघत होतो. डबा एकत्र खाणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या डब्यात काय उरलं हे दिसतंच. जेवण झालं की तुमचा हात पाठीमागे जायचा, बरगड्यांच्या खाली, आणि तुम्ही उभ्या उभ्या गाडीला टेकायचात. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलंत. विचारलं तर "काय न्हाई." पुन्हा विचारलं तर "वय झालं." एकदा तर तुम्ही माझ्यावर खेकसलात, की मी काय तुमच्यावर मोजपट्टी फिरवायलोय का.

डॉक्टरांकडे तुम्ही आधी एकटेच जाऊन आलात. सकाळी पूजा आटोपून, कपाळावर विभूती तशीच, इस्त्रीचा सदरा घालून. आल्यावर गाडीत बसून मला सांगितलंत आणि मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतोय? तुम्ही म्हणालात, "तुमी बगा. मी सांगितलं तं तुमी तितंच बगताल." ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पुन्हा विचारलं, तुमचं पुन्हा तेच. या वयाचा माणूस, धड काही सांगत नाही, म्हणून त्यांनी छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला. तो कागद तुम्ही घडी करून खिशात घालून आणला होता आणि मला मांडीवर पसरून दाखवत होता. "बघ. एक बी गाठ वाकडी न्हाई."

"अप्पा, डॉक्टर म्हणजे काय टीडीआर हाय का?"

"मग काय हाय? तेबी ठोकेच मोजायलेत की."

असली चूक तुमच्याशिवाय कुणी केली नसती. जगातली सगळी माणसं डॉक्टरच्या दारात पाय ठेवल्याबरोबर रडगाणं सुरू करतात. तुम्ही तिथेही काचा लावून बसलात. आणि तो धड आलेख खिशात घेऊन तुम्ही आणखी बरेच दिवस काम करत राहिलात, पाठ गाडीला टेकवत.

पुढच्या खेपेला मी आणि वहिनींनी तुम्हाला धरून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही म्हणालात, "तुमी बगा." वहिनी खाली बघत होत्या. आणि मी बोललो. कुणी मला "बोल आता" म्हटलं नव्हतं, तरी बोललो. जेवल्यावर पाठीत कळ येते, इथे, बरगडीखाली. भाकरी निम्म्यावर आली आहे. पट्ट्याला नवं भोक आहे. डोळे पिवळट वाटतात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नंतरचे सगळे प्रश्न मलाच विचारले. त्याच दिवशी पोटाची तपासणी झाली.

परतताना रिक्षात वहिनी आपल्या दोघांच्या मधे बसल्या होत्या. स्टेशनजवळ तुम्ही बाहेर बघतच म्हणालात, "तू माझा पडदा खराब केलास, दत्ता."

मी म्हणालो, "अप्पा, ती काय केबल होती का?"

रिक्षातून उतरताना तुम्ही माझा हात धरला नाहीत. मी तो पुढे केला होता.

दुखणं स्वादुपिंडाचं निघालं आणि पुढे गेलेलं निघालं. मी डॉक्टरांना नंतर एकट्याने जाऊन विचारलं की पहिल्या खेपेलाच तुम्ही त्रास सांगितला असता तर? ते म्हणाले, हे दुखणं लपूनच वाढतं, तेव्हा सापडलं असतं की नाही, सांगता येत नाही. भला माणूस. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. मला त्यांनी "हो" म्हटलेलं चाललं असतं, "नाही" म्हटलेलंही चाललं असतं. "सांगता येत नाही" घेऊन घरी जाणं फार जड होतं.

तुम्ही माझ्याशी बोलायचं टाकलंत असं नाही. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आत मी यायचो आणि तुम्ही कामाचं विचारायचात. कोणती लाइन गेली, कुठल्या टोकाकडून मोजलं. पण दुखण्याचा शब्द नाही. वहिनींचाही नाही. मी दारातच हळू आवाजात विचारायचो, "डॉक्टर काय म्हणले?" आणि वहिनी पदराला हात पुसत म्हणायच्या, "म्हणतेत काहीबाही. बसा, चहा टाकते." मला ते लागायचं. वाटायचं, न विचारता बोलणाऱ्याला ही शिक्षा आहे. आता याला काही कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलेलं दिसतंय. बरोबरच आहे, म्हणायचो, आणि तरी दुसऱ्या दिवशी यायचो.

आणि रोज तुम्ही एकच विचारायचात. "कसा दिसायलोय?"

मला वाटायचं, तुम्ही टोमणा मारताय. मोठा आलाय सांगणारा, तर आता सांग. मी दिसेल ते सांगायचो. आज आवाज चांगला हाय. आज डोळे खोल गेलेत. आज कालच्यापेक्षा बरे दिसायलात. खोटं बोलायची आपल्यात पद्धतच नव्हती. तुम्ही "हं" म्हणायचात आणि विषय बदलायचात.

मग एका संध्याकाळी मी तुम्हाला चमच्याने पाणी देत होतो. तुम्ही विचारलंत आणि मी म्हणालो, "अप्पा, आज लय थकलेले दिसायलात. आज काही बरं दिसंना मला." तुम्ही हात थोडा वर केलात. मला वाटलं, पाणी पुरे म्हणताय. वाटी खाली ठेवली, तुमच्या पायावरची चादर नीट केली, उद्या येतो म्हणालो आणि निघालो. दुसऱ्या दिवशी आलो तर तुमची लेक राजी पुण्याहून येऊन पोहोचत होती, तिची बॅग अजून दारातच होती. त्यानंतर तुम्ही फार थांबला नाहीत.

आमच्यात जाळतात, तुम्हा लिंगायतांत बसवून माती देतात, हे मला माहीत होतं, पण इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. तुम्हाला खाली बसवलं, तळहातावर इष्टलिंग, मांडीवर बेलाची पानं, अंगभर विभूती. मी काठावर उभा होतो. खोटं कशाला सांगू, माझं लक्ष खड्ड्याच्या भिंतीवर होतं. वर काळी माती, खाली पिवळा मुरूम, मधे कुठे केबलवर अंथरतात ती वीट नाही, वाळू नाही. इथून कधी केबल गेलेली नाही, एवढं बघून घेतलं. खणणाऱ्यांपैकी एकाने मला ओळखलं आणि विचारलं, "दत्ताभाऊ, बराबर हाय ना खोली?" मी म्हणालो, बराबर हाय. मग पहिली मूठ टाकायला मला पुढे केलं. इतके खड्डे तुमच्याबरोबर बुजवले, त्या सवयीने मुठीतल्या मातीतले खडे मी आधी वेचून काढले.

काल ते वसमत रोडचं काम उरकून मी तुमच्या घरी गेलो. मशीन परत द्यावी असं मनात होतं. म्हटलं, मला हे एकट्याने झेपत नाही, एकाच माणसाला ऐकायचं आणि न ऐकायचं, दोन्ही जमत नाही. वहिनी बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. मी मशीनचं काही बोललोच नाही. बसल्या बसल्या तोंडातून भलतंच गेलं. विचारलं, "वहिनी, अप्पा माझ्यावर रागावलेले होते का हो?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "भाऊजी, कशाचा राग?"

"डॉक्टरकडं बोललो त्याचा."

"रिक्षातून आले तवा होता. रातभर होता. सकाळी म्हणले, दत्ताला मी इतकी वर्सं गप ठेवलं, ते बोलला तं बरंच झालं." मग सूप पुन्हा मांडीवर घेत म्हणाल्या, "मला रोज ताकीद होती. दत्ता येईल, त्याला काही सांगू नको. डॉक्टर काय म्हणले, रात कशी गेली, काहीच न्हाई. त्याला आधी बगू दे, म्हणायचे. तुमी उठून गेलात की डॉक्टरचं बोलणं अन् तुमचं बोलणं जुळवून बगायचे. रोज. तुमाला वाईट वाटायलंय हे मला दिसायचं, पर त्यांचा सबुद होता."

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"डॉक्टर तं म्हणले होते, अजून महिनाभर काळजी न्हाई," वहिनी म्हणाल्या. "मी राजीला दिवाळीला ये म्हणून सांगितलं होतं. तुमी त्या दिवशी म्हणलात ना, लय थकलेले दिसायलात. तुमचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं न पडलं की मला म्हणले, राजीला फोन लाव. आजच्या गाडीला बस म्हणावं. मी म्हणलं, आवो, डॉक्टर तं असं म्हणायलेत. तं म्हणले, ऱ्हाऊ दे डॉक्टर. दत्ता बोलला."

अप्पा, मी काय बोललो होतो? तुम्ही थकलेले दिसत होता, म्हणून तसं म्हणालो. त्यात माझं काहीच नव्हतं. तुम्ही मात्र डॉक्टरचा आकडा बाजूला ठेवलात आणि माझ्या एका वाक्यावर पोरीला बोलावून घेतलंत. इतक्या वर्षांत तुम्ही नुसत्या माझ्या बोलण्यावर कधी कुदळ मारू दिली नव्हती.

राजी खोलीत आली तेव्हा तुम्ही शुद्धीवर होता. तिला तुम्ही तिच्या लहानपणच्या नावाने हाक मारलीत, आणि ती खाटेच्या कडेला बसून तुमच्याशी दुपारपर्यंत बोलत होती. मी बाहेरच्या खोलीत बसून तुम्हा दोघांचा आवाज ऐकत होतो. मला वाटलं होतं, वहिनींनी बोलावलं असेल.